दादांनी हात वर केला तेव्हा

त्या माणसाला हॉकी खेळताना मी एकदाही पाहिलेलं नाही, तरी त्याचा एक गोल मला तोंडपाठ आहे. कुवेतला, सालमियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो दर शुक्रवारी दुपारी, जेवणानंतर आणि चहाच्या आधी व्हायचा. चेंडू कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. आडवे येणारे कधी दोन असायचे, कधी चार. गोलकीपरच्या पायांमधून गेला की डोक्यावरून, यावर वाद होऊन चहा निवायचा. त्या काळी हॉकीत ऑफसाइड असे, तेव्हा तो गोल मुळात धरायचा की नाही, हा प्रश्न फक्त एकदाच निघाला आणि काढणाऱ्याला सगळ्यांनी गप्प केलं. एक गोष्ट मात्र कधीही बदलली नाही. गोल व्हायच्या थोडं आधी, पायाचा अंगठा फुटून लंगडणाऱ्या त्या सेंटर फॉरवर्डनं मैदानात उभं राहून हात वर केला होता आणि लोक वेडे झाले होते.

"असा," नवरा हात वर करून दाखवायचा. "तोंडातून शब्द नाही. नुसता हात. आणि पब्लिक! हे बघ, अजून काटा येतो."

काटा खरंच यायचा. आमच्या लग्नाचे फोटो बघताना तो आलेला मला आठवत नाही.

सांगणारे तिघं. माझा नवरा एका कंपनीत अकाउंटंट आहे. दुसरे बँकेत, तिसरे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तिघंही खडकीचे, पन्नाशी ओलांडलेले, आणि शाळेत असताना मैदानाच्या भिंतीवर पाय सोडून बसून हा माणूस पाहिलेले. कारखान्याच्या संघातून खेळायचा. उंच, रुंद, आणि गोलपुढच्या डीमध्ये शिरला की आडवं येणारं आपणहून बाजूला व्हायचं. "धक्का मारायला लागायचाच नाही," लॅबवाले भाऊजी म्हणायचे. "बैल आला की माणूस गल्लीत कसा भिंतीला चिकटतो? तसं." देशाच्या संघात तो का गेला नाही, याची तीन कारणं होती आणि प्रत्येकाचं वेगळं होतं.

एकदा आमची मुलगी फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "इज देअर अ व्हिडिओ?"

"व्हिडिओ कुठला? तेव्हा कॅमेरे काय लोकांच्या खिशात होते?"

"देन हाउ डू यू नो?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बँकवाले भाऊजी म्हणाले, "अगं, आम्ही होतो ना तिथे." आणि पुन्हा डावीकडून चेंडू आला.

मी मिरजेची. आमच्या गावात तंबोरे आणि दवाखाने, हॉकी नाही. मी कुवेतमध्ये एका क्लिनिकच्या ड्रेसिंगच्या खोलीत नर्स आहे. दिवसभर लोकांच्या जखमा पाहते, त्यांतल्या बऱ्याच मधुमेहाच्या. या देशात उन्हाळा, मोटारी आणि गोड चहा यांचं सख्य आहे. चालणं कुणाच्या वाट्याला फारसं येत नाही, आणि ज्यांच्या वाट्याला येतं ते गोदामात बारा महिने सिमेंटवर चालतात. शुक्रवारी मला सुटी असते. त्या दिवशी मी पुस्तक घेऊन बाल्कनीच्या दारात बसायचे आणि तो गोल कानावरून जाऊ द्यायचे.

तर हा माणूस कुवेतमध्येच आहे, हे त्यांना मुळात ठाऊकच नव्हतं.

नवरा अर्दियाच्या गोदामांच्या भागात एसीच्या सुट्या भागांचा साठा तपासायला गेला होता. तिथे एक पांढऱ्या केसांचा माणूस खोक्यांच्या रांगेतून येताना दिसला. उजवा खांदा जरा पुढे टाकून. नवऱ्यानं साठ्याची यादी तिथेच एका खोक्यावर ठेवली. तो पुढे गेला आणि चक्क मराठीत म्हणाला, "तुम्ही खडकीचे... सेंटर फॉरवर्ड?"

तो माणूस म्हणाला, "कंडेन्सर हवेत की कॉम्प्रेसर?"

मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं हातातलं खोकं खाली ठेवलं आणि बराच वेळ खोक्याकडेच पाहिलं. कारखाना बंद पडल्यावर तो इकडे आला होता. बायको वारली, मुलगी लग्न होऊन पुण्यात. फरवानियात चार जणांबरोबर एका खोलीत राहतो. आठवड्याभरात तो आमच्या सोफ्यावर होता. सगळे त्याला दादा म्हणत. मीही दादाच म्हणू लागले. तो मला घरी वहिनी म्हणायचा.

दादा आल्यावर गोल थांबेल अशी माझी भाबडी समजूत होती. उलट तो जास्त होऊ लागला, आता साक्षीदारासमोर. दादा ऐकत बसायचे. मधूनच कुणी विचारायचं, "दादा, पास कुणाचा होता हो?" ते म्हणायचे, "असेल कुणाचातरी." यावर तिघंही मान डोलवायचे. केवढी ही नम्रता!

असाच एक शुक्रवार. दादा बूट काढून आत आले आणि आमच्या पांढऱ्या फरशीवर दारापासून सोफ्यापर्यंत तपकिरी ठिपके उमटले. मोजा भिजलेला होता. त्यांना पत्ताच नव्हता. मी मोजा काढायला लावला. खोक्यांना मारतात ती जाड पिन तळव्यात अंगठ्याच्या बुडाशी रुतली होती, किती दिवसांची ते देव जाणे, आणि तिच्याभोवतीचं मांस करडं पडलं होतं.

"दुखत नाही?"

"छे," दादा म्हणाले. "काही नाही."

"बघ!" नवरा म्हणाला. "बघितलंस? हा माणूस काय चीज आहे ते!"

आणि त्या खोलीतल्या तीन शिकल्यासवरल्या माणसांनी, ज्यांतला एक दिवसभर लोकांच्या रक्तातली साखर मोजत असतो, त्या पायाकडे अभिमानानं पाहिलं. अंगठा फुटूनही खेळणारा माणूस, त्याला पिन काय दुखणार? मी म्हटलं की न दुखणं हाच रोग आहे, यांच्या पायाच्या नसा मेल्यात. लॅबवाले भाऊजी म्हणाले, "ते आहेच हो वहिनी. पण तरी." त्या 'पण तरी'नं पुढे बरंच काही खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून दादा क्लिनिकमध्ये ड्रेसिंगला येऊ लागले. तिथे ते मला सिस्टर म्हणायचे. बाहेर बाकावर आपला नंबर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचे, आत आले की पाय स्टुलावर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. हॉस्पिटलच्या इजिप्शियन सर्जननं एकदा पाहिलं, जखमेत घातलेली सळई हाडापर्यंत गेली तेव्हा मान हलवली, आणि मला म्हणाला की अंगठा काढायचा, या आठवड्यात. अंगठा गेला तर माणूस चालतो. वाट पाहिली तर पाऊल जाईल, त्याच्यापुढे काय ते तुला माहीत आहे. मी दादांना मराठीत सांगितलं. काही वगळलं नाही, काही मऊ केलं नाही.

दादांनी विचारलं, "कार्यक्रमानंतर केलं तर?"

कार्यक्रमाचं मला तिथेच कळलं. इथल्या मराठी मंडळानं दादांचा सत्कार ठरवला होता. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी उभ्या जन्मात हॉकीची काठी हातात धरलेली नाही, पण हयात असलेला एखादा थोर माणूस विनासत्कार राहिला तर त्यांना झोप येत नाही. शाल, श्रीफळ, काचेचं मानचिन्ह, मानपत्र, ते वाचून दाखवणारा दमदार आवाज, आणि हे सगळं ज्याच्या हस्ते होणार तो प्रमुख पाहुणा. पाहुणे भारतातून येणार होते. क्रीडा क्षेत्राशी त्यांचा संबंध असा की त्यांनी पुष्कळ स्पर्धांची उद्घाटनं केली होती.

"दोन्ही पायांत बूट घालून चालत जायचंय हो सिस्टर," दादा म्हणाले. "पोरं एवढं करतायत. मुलगी पण फोनवर बघणारे."

"तिला पायाचं सांगितलंय?"

"तिला कशाला."

दोन आठवड्यांचा प्रश्न होता. सर्जननं कपाळाला आठ्या घालून अँटिबायोटिक वाढवलं आणि हात झटकले. रोग्याची संमती नसेल तर कुणी काय कापणार?

मग पाहुण्यांच्या घरात लग्न निघालं. कार्यक्रम पुढे गेला.

ज्यानं आपल्याकडचे सत्कार जवळून पाहिले आहेत त्याला हे समजावून सांगायला नको. सत्कार ज्याचा असतो तो कधीही उपलब्ध असतो. त्याची तारीख कुणी विचारत नाही. तारीख असते ती पाहुण्यांची. लग्न आटोपलं तर रमजान आला, मग ईद, मग शाळेचं सभागृह परीक्षांसाठी गेलं. मग पाहुण्यांच्या व्हिसाचं काही अडलं. दर वेळी अध्यक्षांचा ग्रुपवर मेसेज यायचा, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग: अपरिहार्य कारणास्तव. आणि दर वेळी मी पट्टी सोडायचे तेव्हा अपरिहार्य कारण खोलीभर दरवळायचं. अंगठा काळा पडला. शेजारचं बोटही काळं पडलं. आता सर्जन अंगठ्याबद्दल बोलेनासा झाला. तो हाताची कड घोट्यावर ठेवून दाखवायचा.

मी नवऱ्याला सांगितलं. रुग्णाचं गुपित वगैरे मलाही शिकवलेलं आहे, पण दादांना आणलं होतं त्यानंच, आणि दादा घरी त्याचंच ऐकतील असं मला वाटलं.

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "दादांना त्यांचं शरीर कळतं गं. त्या फायनलला डॉक्टरनं बाहेर बसायला सांगितलं होतं. ऐकलं का त्यांनी?"

"तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आता पायात रक्त उतरत नाही. त्या रक्ताला तुमची फायनल माहीत नाही."

"तू प्रत्येक गोष्टीचं असं करतेस."

"कसं?"

"असं. कोरडं."

मी अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, पाहुण्यांशिवाय करा, येत्या शुक्रवारी, आमच्या घरी केलं तरी चालेल.

"वहिनी, अहो, पाहुण्यांशिवाय सत्कार?" ते हसले. "शाल कोण घालणार? तुम्ही?"

"पट्टी रोज मीच बांधते. शालही घालीन."

"तुमचा विनोदी स्वभाव मला फार आवडतो," अध्यक्ष म्हणाले. "बॅनर छापून झालाय हो. त्यावर पाहुण्यांचा फोटो आहे." दादांचा फोटो होता का, हे मी विचारलं नाही. नंतर पाहिलं तेव्हा कळलं. होता, खालच्या कोपऱ्यात, इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कार्डावरचा.

याच सुमाराला एकदा, पट्टी बांधताना, मी दादांना सरळ विचारलं. तुम्ही तेव्हा अंगठा फुटल्यावर बाहेर का नाही गेलात? मला वाटलं होतं, ते नेहमीसारखं काहीतरी बाजूला टोलवतील.

ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "जायचं होतं."

"म्हणजे?"

"हात वर केला ना मी. बेंचकडं बघून. बदली पाठवा म्हणून. एकदा केला, तर पब्लिकनं आरडाओरडा केला. मग परत केला. तर उभंच राहिलं सगळं. कोचला वाटलं मी लोकांना चेव आणतोय. तो पण टाळ्या वाजवाय लागला." ते थोडं हसले. "एवढी सगळी खडकी टाळ्या वाजवतीय, आणि मी कसा चालत बाहेर जाऊ? सांगा."

"आणि गोल?"

"पळता येत नव्हतं, म्हणून तिथंच उभा होतो. बॉल येऊन काठीला लागला."

"हे तुम्ही यांना कधी सांगितलं नाहीत."

"कशाला? त्यांनी बघितलंय," दादा म्हणाले. "ते खोटं नाही बोलत. हात मी वर केलाच होता."

माझा हात पट्टीवर थांबला होता. ते म्हणाले, "घट्ट बांधा सिस्टर. बुटात जायला पाहिजे."

मी त्यांना त्या दिवशी पुन्हा सांगितलं की आता पाऊल वाचेल की नाही तेही सांगता येत नाही. ते म्हणाले, शुक्रवारी आहे, शनिवारी मी स्वतः येतो, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो. पाहुणे विमानात बसल्याचा मेसेज आला होता. मी मोठ्या मापाचा बूट शोधायला सांगितलं. तो नवऱ्यानं आणला, काळा, चकचकीत, किराणाच्या बकाल्याशेजारच्या दुकानातून. शुक्रवारी आत कापूस भरून मी स्वतः त्यांचा पाय त्यात बसवला. बूट घालण्याआधी ताप पाहिला; होता, फार नव्हता. मी अध्यक्षांना, नवऱ्याला आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना, तिघांनाही सांगितलं: आत नेऊन बसवा, शाल घाला, बाहेर आणा. बाहेर गाडी तयार ठेवा. मी सर्जनला फोन करून ठेवला होता.

सभागृह भरलं होतं. धुळीचं वादळ असूनही लोक आले होते. केसांत, पापण्यांवर बारीक पिवळी पूड घेऊन. बँकवाले आणि लॅबवाले भाऊजी पहिल्या रांगेत फेटे बांधून बसले होते. दादा पडद्याआडून मधोमधच्या खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेले. उजवा खांदा पुढे. मला हे कबूल केलं पाहिजे की त्या पंधरावीस पावलांत मला प्रथमच कळलं, ते तिघं भिंतीवरून काय बघत असतील. अंगावर सैल झालेला कोट, काळवंडलेला चेहरा, आणि तरी तो माणूस चालत आला तेव्हा रंगमंचावरचे कार्यकर्ते आपणहून बाजूला झाले.

मग दीपप्रज्वलन. वारा नको म्हणून एसी बंद. वात पेटेना. मग ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय, जो दादांच्या परिचयापेक्षा लांब होता. मग पाहुण्यांचा सत्कार, कारण सत्कार करायला आलेल्याचाही सत्कार करावा लागतो. मग एकदाचं दादांना उभं राहायला सांगितलं आणि मानपत्राचं वाचन सुरू झालं. मानपत्र उभ्यानंच ऐकायचं असतं, ही पद्धत कुणी काढली मला माहीत नाही. काढणारा बसलेला असणार.

मानपत्रात तो गोल होता. नवऱ्यानंच लिहून दिला होता. "... आणि तेव्हा या महान सेनानीनं मैदानाच्या मध्यभागी उभं राहून आपला हात उंचावला," दमदार आवाज म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या. मानपत्र पुढे सरकलं. त्यानंतर पाहुण्यांनी शाल घातली आणि दादांचा हात धरून, तो धरूनच, माइकसमोर खेळाचं राष्ट्रीय जीवनातलं स्थान सांगायला सुरुवात केली.

मी तिसऱ्या रांगेत होते. दादांच्या ओठांचा रंग गेलेला मला तिथून दिसला. शाल थरथरत होती. त्यांनी आपला हात पाहुण्यांच्या हातातून सोडवून घेतला, समोरच्या अंधारात कुणाला तरी शोधावं तसं पाहिलं, आणि हात वर केला.

सभागृह फुटलं. मागच्या रांगांनी शिट्ट्या मारल्या. लॅबवाले भाऊजी उभे राहिले, मग पहिली रांग, मग सगळेच. फोन वर झाले. शेजारच्या बाई माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "अगं बाई, काय माणूस आहे!" पाहुणेही भाषण थांबवून टाळ्या वाजवायला लागले. दादांनी हात खाली घेतला आणि परत वर केला.

माझ्यापुढे उभ्या माणसांची भिंत होती. कोपरं मारत मी रंगमंचाच्या पायऱ्यांपर्यंत गेले. वर एका कार्यकर्त्यानं अडवलं: "वहिनी, फोटो नंतर." त्याला मी काय म्हणाले ते मंडळात अजून सांगतात, इथे लिहीत नाही. मी दादांच्या काखेत खांदा दिला. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि कोटाच्या आतून भट्टीसारखी धग आली.

ते कानाशी म्हणाले, "बदली आली का?"

"आली," मी म्हटलं.

टाळ्या चालूच होत्या. लोकांना वाटलं, भारावून गेलेत. नवरा विंगेत आला तेव्हा तोही टाळ्या वाजवत होता. मग त्यानं खाली पाहिलं. नवा बूट शिवणीतून ओला झाला होता. त्याचे हात तसेच हवेत राहिले.

पाऊल वाचलं नाही. घोटाही नाही, गुडघाही नाही. विष रक्तात गेलं होतं, सर्जननं मांडीतून पाय काढला आणि बाहेर येऊन मला एवढंच म्हणाला, "अंगठा होता." इंग्रजीत म्हणाला, पण बाकी काहीच न बोलल्यामुळे ते अरबीसारखं जड वाटलं. दादा बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. जगले. मुलीला मी फोन केला. ती रडली नाही. तिनं विचारलं, "तुम्ही सगळे तिथे होतात ना?" मी हो म्हटलं.

गाडीत, हॉस्पिटलला जाताना, शुद्ध हरपलेल्या दादांचं डोकं मांडीवर घेऊन मी नवऱ्याला ते हात वर करण्याचं सांगितलं होतं. तेव्हाचंही आणि आत्ताचंही. तो गाडी चालवत होता. काचेवर धूळ होती आणि वायपर कोरडाच घासत होता. त्यानं विचारलं, "तुला दादांनी सांगितलं?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग आम्हाला का नाही सांगितलं?" सिग्नलपाशी उत्तर त्याचं त्यालाच सुचलं असावं, कारण हिरवा झाला तरी तो थांबून राहिला आणि मागचे हॉर्न वाजवू लागले.

शुक्रवार चालू राहिले. काही आठवडे कुणी गोल काढला नाही. मग काढला. आता त्यात एक पुरवणी होती: तसल्या पायावर, अंगात ताप असताना, सत्काराला अख्खा वेळ ताठ उभा राहिलेला माणूस! आणि शेवटी हात कसा केला! याचा तर व्हिडिओही होता. बँकवाले भाऊजी तो लावायचे. माझ्या मुलीनं एकदा तो पूर्ण पाहिला आणि मराठीत विचारलं, "ते बोलावतायत का कुणाला?" बँकवाले भाऊजींनी फोन खिशात घातला. नवरा उठून बाल्कनीत गेला. त्याच्यानंतर आमच्या घरात तरी तो व्हिडिओ लागलेला नाही. दुसऱ्यांच्या घरात लागतो.

दादांना पुण्याला पाठवलं त्या दिवशी सगळे विमानतळावर आले. गोदामवाल्या कंपनीनं तिकीट दिलं होतं. दादा व्हीलचेअरवर, मांडीपाशी पँट पिनांनी दुमडलेली, मांडीवर ते काचेचं मानचिन्ह, कारण सामानात फुटेल म्हणून अध्यक्षांनी ते हातातच दिलं होतं. खुर्ची ढकलणारा विमानतळावरचा माणूस बंगाली होता. लॅबवाले भाऊजी त्याला हिंदीत सांगू लागले, "भाई, पता है ये कौन है? सेंटर फॉरवर्ड थे. टूटे हुए अंगूठे से फायनल खेला." बंगाली भला माणूस होता, तो मान हलवत होता. बँकवाले भाऊजींनी फुलांचा गुच्छ पुढे केला. अध्यक्ष दोन शब्द बोलणार होते.

दादांनी हात वर केला.

सवयीनं लॅबवाले भाऊजींच्या तोंडातून "वाह दादा" निघालं, आणि अध्यक्षांचे तळवे एकमेकांना लागलेसुद्धा. नवरा खुर्चीच्या बाजूला होता. तो खाली वाकला, दादांच्या तोंडापाशी कान नेला, आणि विचारलं, "काय दादा? काय पाहिजे?"

"बाथरूमला जायचंय रे," दादा म्हणाले. "मघापासनं."

नवऱ्यानं त्यांच्या मांडीवरचं मानचिन्ह उचललं, कुठे ठेवावं ते न कळून माझ्या हातात दिलं, आणि बंगाल्याला बाजूला करून खुर्ची स्वतः ढकलत नेली. अध्यक्ष गुच्छ धरलेल्या बँकवाल्या भाऊजींच्या शेजारी उभे राहिले. बराच वेळ लागला. एका पायाच्या माणसाला लागतो, आणि ज्यानं तसं कधी केलेलं नाही त्याला जास्तच. विमानाची पहिली सूचना झाली, दुसरी झाली. आम्ही सगळे त्या बंद दाराकडे बघत उभे होतो, आणि कुणीही टाळ्या वाजवत नव्हतं.